पाचव्या डेकवरची धाकटी

गाडी थांबली तेव्हा तिचा बंपर प्रमिला तरेच्या गुडघ्याला टेकला होता.

लागलं काहीच नाही. गोठ्यात गाय सरकताना अंगाला घासून जावी, तसा नुसता स्पर्श. पण करंजवे बंदरात जहाजं भरायला लागल्यापासून एकाही गाडीनं तिला असं शिवलं नव्हतं. थांबण्याची खूण करायला वर केलेला तिचा हात तसाच हवेत राहिला.

काचेआड विराज बसला होता. पोरगं घाबरायला हवं होतं, पण ते अगदी निवांत होतं. इंजिन बंद करून पट्टा सोडवत होतं. मग त्याची नजर तिच्या डाव्या बाजूकडून हळूहळू तिच्यावर आली आणि त्याचा चेहरा उतरला. तो दार जेमतेम उघडून अंग चोरत बाहेर आला.

"मावशी, तुम्ही इथं कशा?"

"म्हणजे? मघापासून इथंच उभी आहे."

"नाही हो. तुम्ही बाजूला झाला होतात, म्हणून तर मी शेवटचं पुढं घेतलं. मी बघितलं ना. मग बोनेटवर थाप मारलीत आणि तुमच्या डावीकडनं निघून गेलात. म्हणून तर मी शेवटचं पुढं घेतलं."

"थाप ऐकलीस?"

"ऐकली," तो म्हणाला.

मागच्या रांगेत गाड्यांना पट्टे बांधणारा सुदेश उकिडवा बसला होता. तो तिथूनच ओरडला, "काय रे, सकाळी सकाळी लावून आलास काय?"

"शपथ सुदेशदादा, मी त्याला हातसुद्धा लावत नाही!"

सगळे हसले. प्रमिलाही हसली. पण पुढची गाडी रॅम्पवरून आत येताना तिनं पहिल्यांदाच मान वळवून आपल्या डावीकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. लोखंडी भिंत, तिच्यावर पाच आकडा, आणि पिवळा दिवा.

मोटारी वाहणारं जहाज बाहेरून खिडक्या नसलेल्या इमारतीसारखं दिसतं. आत एकावर एक डेक, आणि छत इतकं खाली की उंच माणसाला मान वाकवूनच चालावं लागतं. शेजारच्या दोन गाड्यांत वीतभर जागा सोडायची, पुढच्या-मागच्या गाडीत मूठभर. त्या जागेत गाडी बसवायची म्हणजे चालवणाऱ्याला स्वतःचे डोळे पुरत नाहीत. समोर एक माणूस लागतो. तो चालवणाऱ्याकडं तोंड करून, उलट्या पावलांनी मागं सरकत जातो आणि हातांनी सांगतो, ये, अजून ये, डावीकडं, बास. गाडीनं त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि त्यानं गाडीवर. बंदरात त्याला सिग्नलवाला म्हणत, आणि प्रमिला ही करंजव्याची पहिली सिग्नलवाली.

तिला ते बंदर नव्हतं तेव्हाचंही आठवे. आता जिथं हजारो गाड्या चकाकत उभ्या असतात, तिथं मिठागरं होती. उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसत, की बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी येई. तिची आई टोपलीनं मीठ वाही आणि दुपारी बांधावर बसून भाकरी खाताना खाडीकडं बघत गाणी म्हणे. त्या गाण्यांतली अर्धीमुर्धी अजून प्रमिलाच्या जिभेवर होती. मग भराव पडला, धक्का बांधला गेला, आणि एके दिवशी खाडीच्या तोंडाशी ती बिनखिडक्यांची इमारत तरंगत आली.

पुढं गाड्या स्वतःच्या स्वतः रस्त्यावर धावायला लागल्या. लोकांना वाटलं, आता बंदरातली माणसं घरी बसणार. तसं झालं नाही. कारखान्यातून निघताना गाडीचं डोकं कुलूपबंद करून पाठवत. परदेशात गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावरच ते उघडे. शिवाय जहाजाच्या लोखंडी पोटात उपग्रहाची हाक पोचत नसे. त्यामुळं जगातली सगळ्यात शहाणी गाडीसुद्धा कारखान्याच्या फाटकापासून परदेशच्या धक्क्यापर्यंत ठार आंधळी असे, आणि माणसानं हात धरून नेल्याशिवाय जागची हलत नसे.

मात्र माणसं शिकवणं महाग पडे. शिकाऊ पोरांनी कोऱ्या गाड्यांना ओरखडे काढले, एकदोघांचे पाय मोडले. म्हणून कंपनीनं धक्क्याच्या मागच्या गोदामात सिम्युलेटर उभा केला. कामगार त्याला खोटं जहाज म्हणत. एक सीट, एक स्टिअरिंग, डोळ्यांवर जाड चष्मा. चष्मा चढवला की समोर रॅम्प, डेक, पिवळे दिवे. गाडी वळवली की सीटही कलंडे. आणि समोर उलट्या पावलांनी चालणारी सिग्नलवाली. ती प्रमिलाच होती. बारा वर्षांपूर्वी एक अख्खा मोसम तिच्या अंगावर मणी चिकटवल्यासारखी यंत्रं लावून तिचं चालणं, हात, मान, नजर, आवाज सगळं टिपून घेतलं होतं. गाडी नीट लागली की बोनेटवर उघड्या पंजानं थाप मारायची ही तिची जुनी खोड. ती थाप पडल्याशिवाय कोणी इंजिन बंद करत नसे. ती खोडही त्यात आली.

तेव्हापासून करंजव्यात जो कोणी स्टिअरिंगला हात लावी, तो आधी तिच्यासमोर शिकून येई. पोरांनी तिला नावही दिलं होतं, धाकटी. आणि प्रमिला मग आपोआप थोरली झाली.

प्रमिलाच्या गुडघ्याची वाटी मागच्या वर्षी बदलली होती. धाकटीचा गुडघा मात्र शाबूत होता.

विराजनंतर तसं आणखी तिघांचं झालं. बंपर कोणाचा शिवला नाही, पण गाड्या थांबायच्या तिथं न थांबता जरा पुढं येऊन थांबत. प्रमिलानं शेवटी गोदामात जाऊन फरीदा मुकादमला गाठलं. खोट्या जहाजाची सगळी व्यवस्था फरीदाकडं होती. मेंदू शिकतो कसा, यावर तिनं परदेशात अभ्यास केला होता. पण बोलायला साधी, आणि चूक झाली तर चूक म्हणणारी बाई.

"प्रमिलाताई, मी आठवडाभर हेच तपासतेय," ती म्हणाली. "तुम्ही आला नसतात तर मीच येणार होते. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकतो, आणि ती नसते. तेव्हा पोटात गोळा येतो की नाही?"

"येतो."

"तो पाय डोळ्यांनी बघून टाकलेला नसतो. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत पोचून त्याचा अर्थ लागेपर्यंत वेळ जातो. मेंदू तेवढा थांबत नाही. पुढं काय दिसणार त्याचं चित्र तो आधीच काढून ठेवतो. डोळ्यांकडून आलेल्या बातमीशी ते नुसतं ताडून बघतो. आपण जगाकडं बघतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच वेळा आपण आपल्याच चित्राकडं बघत असतो."

"मग आजवर कोणी माझ्या अंगावर का आलं नाही?"

"कारण साधारण माणसाचं चित्र कच्चं असतं. कच्चं असतं म्हणून डोळ्यांचं ऐकतं. या मुलांनी धाकटीला हजारो वेळा पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी ती अगदी तशीच वागली आहे. त्यांचं चित्र इतकं पक्कं झालंय, की डोळे वेगळं काही सांगायला लागले तर मेंदू डोळ्यांनाच खोटं ठरवतो. डेकवरचा कमी उजेड, अरुंद जागा, कामाची घाई, यात तर जास्तच. तुम्ही तिच्यासारख्या चालत होतात तोवर कळलं नाही. आता तुमचं पाऊल मागं पडतं. त्यांची नजर कुठं जाते ते मी मोजून पाहिलं. ते तुमच्याकडं बघत नाहीत, ताई. तुमच्या डावीकडं एक पाऊल पुढं बघतात. तिथं काहीच नाही. पण विचारलं तर शपथेवर सांगतात, मावशी तिथंच होत्या."

प्रमिलानं चष्म्याकडं बोट दाखवलं.

"मला दाखव तिला," ती म्हणाली. बारा वर्षांत तिला कधी तसं वाटलं नव्हतं. स्वतःला काय बघायचं, असं म्हणून तिनं ते टाळलं होतं.

तिनं चष्मा चढवला. रॅम्पवरून गाडी आत घेतली, आणि पिवळ्या उजेडात एक बाई तिच्याकडं तोंड करून मागं मागं चालू लागली.

केस टोपीखाली बांधलेले, कपाळावर लहानशी टिकली. पावलांचा आवाज नाही. हात पाण्यातून फिरवावेत तसे फिरत होते. "ये... ये गं... ये... बास." आवाजात घाई नव्हती, कंटाळा नव्हता. नजर मात्र अशी, की प्रमिलाचा पाय तिला न विचारता ब्रेकवर गेला. थाप पडली. बाई आपल्या डावीकडं वळून दिसेनाशी झाली आणि पुढच्या गाडीसमोर पुन्हा तशीच उभी.

तो मोसम प्रमिलाला लख्ख आठवत होता. नवऱ्याची मूत्रपिंडं गेली होती. एक दिवसाआड इस्पितळात त्याचं रक्त यंत्रातून फिरवून आणावं लागे. सकाळी त्याला तिथं पोचवून ती कामावर येई आणि डेकवर उभं असताना तिचा जीव सारा खिशातल्या फोनमध्ये असे. त्या मोसमात ती पोरांवर ओरडली होती, एकदा रडलीसुद्धा होती. समोरच्या बाईच्या तोंडावर यातलं काहीच नव्हतं.

चष्मा काढून ती म्हणाली, "ही मी नव्हे."

"टिपलेलं सगळं तुमचंच आहे," फरीदा म्हणाली. "फक्त रोज बदलत होतं ते यंत्रानं गाळलं. सारखं राहिलं तेवढं ठेवलं."

"तेच म्हणते मी. बदलत होतं, ती मी होते."

घरी तिची सून रेवा बोंबील साफ करत बसली होती. रेवा घाटावरची. बंदरात नोकरीला येईपर्यंत तिनं मासा ताटातसुद्धा बघितला नव्हता. आता सुरी बरी चालवत होती. प्रमिलाचा मुलगा हर्षद मोठ्या जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. घरात या दोघीच. रेवाही बंदरात गाडी चालवायची, आणि चालवणाऱ्यांत तिचा हात सगळ्यात सफाईदार होता.

"काटा राहिला बघ."

"दिसला मला, आई."

"दिसला तर काढ. काय गं, तू म्हणे बुधवारी अजून त्या खोट्या जहाजात जाऊन बसतेस?"

"सराव करते."

"सराव कसला? धाकटीशी बोलतेस म्हणे. अख्खं बंदर सांगतंय."

रेवाचे कान लाल झाले. "सहज काहीतरी बोलते. हर्षदचा फोन आला नाही तर ते सांगते. कधी माहेरचं."

"मी बसलेय की इथं चार हातांवर. मला सांग."

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही उत्तर देता, आई."

प्रमिलाला हसू आलं आणि लागलंही. रेवानं हात धुतले.

"पहिल्या महिन्यात मी रोज रडायचे," ती म्हणाली. "गाडी भिंतीला लावायचे. बाकीचे हसायचे. ती कधीच रागावली नाही. दहादा चुकले तरी अकराव्यांदा तशीच म्हणायची, ये गं. या घरात यायच्या आधीपासून मी तिला ओळखते. हर्षदचं स्थळ आलं तेव्हा मी हो म्हटलं, त्यात निम्मं तीच होती. तुम्हाला राग येईल."

"येईल कशाला? आलाच आहे," प्रमिला म्हणाली, आणि उरलेले बोंबील आपल्याकडं ओढून घेतले.

फरीदानं वर कळवलं. वरून निरोप आला की तरेबाईंना डेकवरून उतरवा, यार्डात बसवा. नवा सिग्नलवाला मिळेपर्यंत पाचव्या डेकचं काम हळू चालेल असं सगळ्यांनी धरलं होतं. ते हळू चाललं नाही. पहिल्या दिवशी समोर कोणीच नसताना गाड्या आल्या आणि मुठीमुठीच्या अंतरावर लागत गेल्या. बाकीच्या डेकपेक्षाही नेमक्या. डेकच्या फोरमननं तोंडात बोट घातलं. वरचे साहेब येऊन बघून गेले आणि खुशीत परतले. सिग्नलवाल्याची गरजच काय, असं त्यांच्यातलं कोणीतरी जाता जाता म्हणालं.

प्रमिला यार्डातून बघत होती. रॅम्पवरून व्हॅनमधून परतणारी पोरं नेहमीसारखी दंगा करत नव्हती. भजन संपवून निघालेल्या माणसांसारखी शांत होती.

"कसं जमतं रे?" तिनं विराजला विचारलं.

"काय, मावशी?"

"समोर कोणी नसताना."

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जसं तिनंच काही वेड्यासारखं विचारलं. "आहे की," तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या जहाजावर सुदेश पट्टा अडकला म्हणून दोन रांगांमध्ये वाकला. रेवाची गाडी आत आली. ती बघतेय, सरळ त्याच्याकडं बघतेय, असं त्याला वाटलं, म्हणून तो हलला नाही. शेवटच्या क्षणी त्यानं बोनेटवर उडी घेतली. पट्ट्याची कडी दोन बंपरांमध्ये चेपून पोळीसारखी झाली. सुदेश बोनेटवर गुडघे टेकून काचेवर बुक्क्या मारत होता, आणि काचेच्या आत रेवा शांतपणे थापेची वाट बघत होती.

प्रमिला पोचली तेव्हा रेवाला रॅम्पच्या कठड्यापाशी बसवलं होतं.

"तिथं कोणी नव्हतं, आई. ती ये म्हणत होती. मी गेले. तिथं कोणीच नव्हतं."

"मी होतो ना गं बये!" सुदेश म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "तीन लेकरांचा बाप होतो मी तिथं!"

जे नाही ते या मुलांना दिसत होतं. आता जे आहे तेही दिसेनासं झालं होतं. फरीदानं त्याच दिवशी खोटं जहाज बंद केलं. पाचव्या डेकचं काम थांबलं. पण यंत्र बंद केलं म्हणून डोक्यांतली धाकटी बंद होणार नव्हती.

"ती कशी घालवायची ते मला नक्की ठाऊक नाही," फरीदा म्हणाली. "चित्र पुन्हा पुन्हा चुकलं पाहिजे. इतकं, की मेंदूला डोळ्यांकडं परत यावंच लागेल."

"म्हणजे मी समोर उभं राहायचं," प्रमिला म्हणाली. "आणि तिच्यासारखं वागायचं नाही."

फरीदानं बराच वेळ नाही नाही म्हटलं. शेवटी शिकाऊ गाडी आणली. तिला डाव्या सीटपुढंही एक ब्रेक होता. त्या सीटवर फरीदा स्वतः बसली. रिकाम्या डेकवर एकेका पोराला बोलावलं. प्रमिला टोपी न घालता उभी राहिली. लंगडली, खोकली, मध्येच बसली, आईचं मिठागरावरचं गाणं म्हणाली, विराजला त्याच्या लग्नावरून चिडवलं, खुणा अर्ध्यात सोडून पदराला हात पुसले. पहिल्या दिवशी फरीदाचा पाय सारखा ब्रेकवर होता. तिसऱ्या दिवशी विराजनं आपणहून गाडी थांबवली आणि डोळे चोळले.

"मावशी, तुम्ही किती म्हाताऱ्या झालात हो!"

"मेल्या, आता दिसलं होय तुला!"

एकेक करून सगळ्यांना ती दिसायला लागली. राहिली फक्त रेवा.

रेवाची गाडी रोज प्रमिलाच्या अंगावर येई आणि रोज फरीदाला ब्रेक दाबावा लागे. ती लबाडी करत नव्हती. घामानं निथळत प्रयत्न करत होती. कंपनीचा निरोप आला होता की शुक्रवारपर्यंत दिसायला लागलं नाही तर रेवानं पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि ते कंपनीनं सांगितलं नसतं तरी प्रमिलानंच सांगितलं असतं. सुदेशच्या जागी उद्या कोणी उडी न मारणारा निघाला, की एक घर उठणार आणि दुसरं तुरुंगाच्या दारात उभं राहणार.

"आत्ता कुठं आहे ती?" शुक्रवारी प्रमिलानं विचारलं. गाडी रांगत होती.

"तुमच्या डावीकडं. एक पाऊल पुढं."

प्रमिला डावीकडं सरकली. "आता?"

"ती सरकली. तुमच्या उजव्या हाताशी आहे."

प्रमिला उजवीकडं गेली. तिच्या दंडावरचे केस उभे राहिले होते. कोणी जवळ उभं राहिलं की अंगाला जाणवतं, तसं तिला जाणवत होतं, आणि ते खोटं आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. "आता?"

"तुमच्या मागं." रेवा रडायला लागली. "आई, ती थकलीय. मी आधी कधी तिला थकलेली नव्हती बघितली."

फरीदानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. डेकवर फक्त पंख्यांची घरघर.

प्रमिला खिडकीपाशी आली. "रेवा, एक सांग. तू खोट्या जहाजातून उठायचीस तेव्हा तिला काय सांगायचीस?"

"काही नाही. वेळ संपली की चष्मा काढायचा."

"कोणीच काही सांगत नव्हतं?"

"कोणाला सांगायचं, आई? चित्राला?"

करंजव्यात एक रीत होती. जहाज भरून झालं की सिग्नलवाला आपणहून डेकवरून उतरत नसे. शेवटची गाडी लावणारा खाली उतरून त्याच्याजवळ जाई आणि म्हणे, "सुटलो, चला." तोवर त्यानं जागा सोडायची नाही. त्याला वाटलं काम संपलं, आणि रॅम्पवरून अजून एक गाडी आली, असं पूर्वी कधी झालं होतं म्हणत. म्हणून डेकवरच्या माणसाला सोडवायचं ते चालवणाऱ्यानं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती आणि सिम्युलेटर बनवणाऱ्या कोणाला ती सांगायचं सुचलंही नव्हतं.

"बारा वर्षं," प्रमिला म्हणाली. "शेकडो पोरं आली, शिकली, उठून गेली. बाईला कोणी सोडलंच नाही."

फरीदा हळूच म्हणाली, "मेंदूला शेवट लागतो, हे खरं आहे. मात्र हे मी वरच्यांना कसं सांगू, ते मला कळत नाही."

"नको सांगूस. पण आता तो पाय ब्रेकवरून काढ."

"ताई!"

"तू दाबलास तर गाडी थांबेल. रेवा थांबणार नाही. ती थांबली पाहिजे."

प्रमिला परत जाऊन भिंतीपाशी उभी राहिली. पाठीमागं सरकायला आता जागा नव्हती. फरीदानं दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले आणि गुडघ्यांना मिठी मारली.

रेवा बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून होती. मग तिनं काच खाली केली. तिचा आवाज प्रमिलाला नीट ऐकू आला.

"सुटलो आपण," ती म्हणाली. ती प्रमिलाकडं बघत नव्हती. "सगळ्या गाड्या लागल्या. माझी शेवटची. तुम्ही जा आता. मला येतं सगळं." मग तिचं तोंड वाकडं झालं. "जा ना. मी राहीन बरी."

गाडी सुरू झाली.

ती संथ येत होती. प्रमिलानं हात केले नाहीत. तिनं कुठलीच खूण करायची नाही असं ठरवलं होतं. नुसती माणसासारखी उभी राहिली. रेवाची नजर तिच्या डाव्या खांद्यापलीकडं होती. तिथून ती हलली, आणि डेकच्या कडेनं, दिव्यादिव्याखालून, रॅम्पकडं सरकत गेली. कोणाला तरी पोचवत असावी तशी. आणि तोवर गाडी येतच होती. फरीदानं डोळे मिटले. प्रमिलाला बोनेटची ऊब पोटाला लागली. आपण इथंच संपणार, असं तिच्या मनात आलं. सुनेच्या हातून, आणि तिचा काही दोष नसताना.

रॅम्पच्या टोकाशी, जिथून बाहेरचं ऊन आत येत होतं, तिथं रेवाची नजर क्षणभर थांबली. मग परत आली. ती थेट प्रमिलाच्या तोंडावर येऊन पडली. डोळे विस्फारले आणि ब्रेक कचकन लागला.

रेवा दार उघडून धावत आली आणि तिनं सासूचे दंड दोन्ही हातांनी घट्ट धरले. चेहरा, पांढरे झालेले केस, ओठांशेजारच्या सुरकुत्या, सगळं ती पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत होती.

"लागलं का? आई, लागलं का कुठं?"

"नाही गं. दिसले ना मी?"

"दिसलात." मग ती घरात कोणी गेल्यावर बाया रडतात तशी रडली. प्रमिलानं तिला रडू दिलं. मध्ये बोलली नाही, उत्तर दिलं नाही.

हुंदके ओसरल्यावर रेवा नाक पुसत म्हणाली, "ती गेली, आई. आज पहिल्यांदा तिची पाठ दिसली. बाहेर पडताना तिनं दोन्ही हात मागं नेले, जॅकेटच्या आतून वेणी बाहेर ओढली, पाठीवर सोडली आणि गेली. केवढी लांब वेणी होती. मला माहीतच नव्हतं."

"आम्ही पाठ बनवलीच नव्हती," गाडीजवळ उभी असलेली फरीदा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सिग्नलवालीची पाठ चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. म्हणून मागून आम्ही तिला रिकामीच ठेवली होती."

प्रमिलाचा नवरा गेला त्याच महिन्यात तिनं वेणी कापून टाकली होती. डेकवर असताना ती जॅकेटात खोचलेली असे, कोणाला दिसत नसे. दिवसाचं काम आटोपून रॅम्पवरून उन्हात पाऊल टाकलं, की ती ओढून बाहेर काढायची, आणि मग भराभरा इस्पितळाच्या रस्त्याला लागायची. त्या वेळी तिच्या मागं कोणी नसे.

तिनं रेवाचा हात धरला आणि दोघी रॅम्पकडं चालू लागल्या. उन्हात पोचल्यावर प्रमिलानं धक्क्याच्या रस्त्याकडं, इस्पितळाच्या बाजूला, बराच वेळ पाहिलं.

"काय बघताय, आई?"

"पोचली का ते बघते," प्रमिला म्हणाली.